बेळगावात एक मोल वायू २२.४ लिटरचा नसतो

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

कनिष्ठ महाविद्यालयांत मॅग्नेशियम आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा प्रयोग होतो. मॅग्नेशियमच्या ०.०४८६ ग्रॅम फितीपासून ०.००२ मोल हायड्रोजन मिळतो (मोल हे कणांच्या ठरावीक संख्येचे एकक). २२.४ ने गुणून मुले ४४.८ मिली हे उत्तर तयार ठेवतात. पाण्यावर उलट्या धरलेल्या मोजनळीत मात्र ५६ मिली भरतो. मग ‘प्रयोग चुकला’ म्हणून वहीतला आकडा खाली ओढला जातो. हे थांबायला हवे. चूक प्रयोगाची नाही, २२.४ ची आहे. तो आकडा शून्य अंश सेल्सिअस आणि समुद्रसपाटीच्या दाबाचा.

आपले शहर साडेसातशे मीटर उंचीवर आहे. इथे फोर्टिन वायुदाबमापकातला पारा ७६० नव्हे, ६९४ मिलिमीटरच्या आसपास थांबतो, म्हणजे ९२.५ किलोपास्कल. मोबाइलवर दिसणारा १०१० च्या घरातला हेक्टोपास्कलचा आकडा समुद्रसपाटीला आणून दिलेला असतो; तो गणितात घालू नये.

पाण्यावर गोळा केलेल्या वायूत बाष्पही असते. २७ अंशांना त्याचा दाब ३.६ किलोपास्कल; तो वजा केला की हायड्रोजनचा दाब उरतो ८८.९. आता आदर्श वायू समीकरण (आकारमान = मोल × वायुस्थिरांक आर × केल्विन तापमान ÷ दाब) लावा: ०.००२ × ८.३१४ × ३०० ÷ ८८.९ = ०.०५६१ लिटर. चोर्ला घाट उतरून पणजीला हाच प्रयोग केला, तर त्याच तापमानाला ५१ मिली येतील. म्हणूनच इथे ५० मिलीची नळी घेतली तर वायू खालून निसटतो. १०० मिलीची घ्यावी.

फीत आधी पॉलिश पेपरने घासावी, नाहीतर वरचा ऑक्साइडही वजनात धरला जातो. इतके कमी वजन शाळेच्या तराजूवर नीट येत नाही. एक मीटर फीत तोलावी आणि लांबीच्या प्रमाणात तुकडा कापावा. बुडबुडे थांबल्यावर लगेच वाचन घेऊ नये, नळी गार होऊ द्यावी. आतली-बाहेरची पाण्याची पातळी एक करावी. दहा सेंटिमीटरचा फरक राहिला तर दाबात सुमारे एक किलोपास्कलची चूक होते. तापमान केल्विनमध्येच घ्यावे. आर ८.३१४ घेतला तर दाब किलोपास्कलमध्ये, ०.०८२१ घेतला तर ॲटमॉस्फिअरमध्ये. सर्वाधिक गुण इथेच जातात.

प्रयोगवहीत ‘आजचा दाब’ अशी एक ओळ छापावी आणि प्रत्येक प्रयोगशाळेत चालू स्थितीतला वायुदाबमापक असावा, एवढी विनंती.

– रसायनशास्त्राचे एक शिक्षक, टिळकवाडी, बेळगाव