हिरवं कार्ड मिळालं, पण नायट्रेटचं काय?

महोदय,

पावसाळा तोंडावर आला की आमच्या भागात बोअर पुनर्भरणाची, म्हणजे पावसाचं वाहतं पाणी बोअरमध्ये सोडण्याची, लगबग सुरू होते. टँकरवर उन्हाळा काढलेल्या गावाला पाणी जिरवायची घाई असणारच. पण ते ज्या पद्धतीने जिरवलं जातंय, त्यावर लिहिल्यावाचून राहवत नाही.

गावातल्या पाणी तपासणीचं प्रशिक्षण मिळालेल्या पाच महिलांपैकी मी एक. गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही सार्वजनिक बोअरचं पाणी किटवर तपासलं. क्लोरीन ठीक होतं, जंतूंची बाटलीही काळी पडली नाही, म्हणजे जंतू आढळले नाहीत. नायट्रेटच्या नळीत पावडर टाकून हलवली, तेव्हा मात्र गुलाबी रंग चढतच गेला आणि तक्त्यावरच्या शेवटच्या चौकोनाशी जुळला. नमुना प्रयोगशाळेत पाठवला. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. आमचं पाणी तिच्या बरंच वर निघालं.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. शेजारच्या कांद्याच्या वावरातून वाहणारं पाणी चर खोदून, पाइप टाकून थेट त्याच बोअरमध्ये सोडलं होतं. वावरात युरिया, आणि वरच्या अंगाला उकिरडा. नायट्रेट या दोन्हींतून येतं.

महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग काळ्या पाषाणावर आहे. वरच्या मुरमात आणि मांजऱ्यात, म्हणजे झिजून मऊ झालेल्या खडकात, पाणी साठतं, त्याखाली ते भेगांमधूनच फिरतं. साठा मुळात लहान. मुरूममातीतून जिरताना पाणी निदान थोडं गाळलं जातं. बोअरमध्ये ओतलं की तेही नाही, आणि त्याच भेगांनी ते आजूबाजूच्या विहिरींनाही लागतं. एकदा खाली गेलेलं नायट्रेट बाहेर कसं काढायचं, याचं उत्तर कुठल्याही ग्रामपंचायतीकडे नाही.

"आम्ही खडी-वाळूचा गाळणखड्डा केलाय" असं सांगितलं जातं. तो करायलाच हवा, पण त्याने गाळ अडतो. विरघळलेलं नायट्रेट वाळूतून सरळ पार होतं. टीसीएलने (ब्लीचिंग पावडरने) जंतू मरतात, नायट्रेटला काही होत नाही. पाणी उकळलं तर वाफ जाते आणि नायट्रेटचं प्रमाण उलट वाढतं. हे मी घरोघरी सांगते, कारण बाळाच्या बाटलीचं दूध आया उकळलेल्या पाण्यातच कालवतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद या नायट्रेटने कमी होते, अंग निळसर पडतं. जीवावर बेतू शकतं.

पाणीस्रोतांच्या स्वच्छता तपासणीत गावाला हिरवं कार्ड मिळालंय. त्यासाठी पाण्याभोवतालची स्वच्छता, गळती, टीसीएल हे सगळं पाहतात आणि ते योग्यच आहे. पण हिरवं कार्ड म्हणजे पाणी सर्व बाजूंनी चांगलं, असा गावाचा समज झालाय.

म्हणून जिल्हा परिषदेला विनंती, की पावसाळ्याआधीच्या ग्रामसभेत तीन गोष्टी ठरवून घ्याव्यात. पिण्याच्या बोअरमध्ये छपराचं किंवा पडीक माळाचंच पाणी, तेही गाळूनच सोडावं. खत टाकलेल्या वावराचं अजिबात नाही. स्रोताच्या वरच्या अंगाचे उकिरडे हलवावेत, त्यासाठी जागा ग्रामपंचायतीने द्यावी. आणि प्रयोगशाळेचा नायट्रेटचा आकडा कार्डाशेजारी फळ्यावर लिहावा. आमचा अहवाल अजून फायलीतच आहे.

— पाणी तपासणी करणारी एक महिला, ता. सिन्नर, जि. नाशिक