मोठ्या वयातली पहिली फिट : कारण शोधायला लावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चाळिशी-पन्नाशीपर्यंत कधी फिट न आलेल्या माणसाला पहिल्यांदा फिट आली, तर नुसत्या गोळ्यांवर थांबू नका. ती का आली ते शोधायला लावा. एवढ्यासाठीच हे पत्र.

माझे मिस्टर इथल्या शिवाजी उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीत लेथवर (धातू कातायच्या फिरत्या मशीनवर) काम करायचे. त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा आपोआप उडायचा, मग बोटं, मग मनगट. मिनिटभरात थांबायचं. शुद्ध जायची नाही, बोलणं चालू असायचं, त्यामुळं याला कुणी फिट म्हणेना. एका दवाखान्यातून मानेचा पट्टा आणि ताकदीच्या गोळ्या मिळाल्या. पुढं कारखान्यातच मोठी फिट आली. नाकाला कांदा, चप्पल, सगळं झालं. शुद्धीवर आल्यावर डावा हात काही तास उचलेना, तेव्हा 'लकवा मारला' म्हणत लोक गावठी औषधाला न्यायला निघाले होते. फिटनंतर अशी तात्पुरती कमजोरी येते. पण ती लकव्याची नाही हे घरी ठरवायचं नसतं, तडक मोठं हॉस्पिटल गाठायचं.

साध्या सीटी स्कॅनमध्ये उलगडा झाला नाही. कॉन्ट्रास्ट (गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून द्यायचं औषध) देऊन एमआरआय केला तेव्हा मेंदूच्या उजव्या बाजूला (डावा हात हीच बाजू चालवते), हात हलवणाऱ्या भागाला लागून, सावकाश वाढणारी गाठ दिसली. अशा सावकाश वाढणाऱ्या ग्लायोमाच्या, म्हणजे मेंदूतल्याच पेशींपासून होणाऱ्या गाठीच्या, बहुतेक रुग्णांना फिट येतात आणि अनेकदा तेच पहिलं लक्षण असतं. डोकेदुखी, उलट्यांची वाट बघू नये. ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख) नॉर्मल आला म्हणूनही निर्धास्त होऊ नये. कुणाचा हात उडतो, कुणाला क्षणभर बोलता येत नाही, कुणाला नसलेला घाण वास येतो. प्रत्येक फिटमागं गाठच असते असं मुळीच नाही. आपल्याकडं मेंदूतली जंताची अळी, टीबी, रक्तातली साखर किंवा सोडियम घटणं ही कारणंही असतात. पण तपासल्याशिवाय कळणार कसं?

त्यांना लेव्हेटिरासिटॅम ही फिटची गोळी सुरू झाली. फेनिटॉइनसारख्या जुन्या गोळ्यांमुळं काही केमोचा आणि स्टेरॉइडचा असर कमी होतो, हिच्यामुळं होत नाही. मात्र हिनं माणूस चिडका होऊ शकतो. आमच्या शांत घरात ताटं आपटायला लागली. बायकांनो, हा स्वभाव समजून सोसत बसू नका, डॉक्टरांना सांगा. आमचं औषध बदलून मिळालं. गोळी मनानं बंद मात्र करायची नाही, ऑपरेशन झाल्यावरसुद्धा. ऑपरेशनवेळी त्यांना जागं ठेवून, बोटं हलवायला लावत गाठ काढली. गाठ जितकी जास्त निघेल तितकी फिट थांबायची आशा जास्त असते. खर्चाच्या धास्तीनं कुणी थांबू नये. सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत मेंदूच्या गाठीच्या शस्त्रक्रिया बसतात, हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेची माहिती देणाऱ्या माणसाला) विचारा.

उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखानदारांना हात जोडून विनंती आहे. प्रथमोपचाराच्या पेटीशेजारी एक फलक लावा : फिट आलेल्याला मशीनपासून दूर घ्या, कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, ५ मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करा. जमलं तर एकानं मोबाईलवर चित्रीकरण करावं, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो. आणि अशा कामगाराला काढून टाकू नका. फिरत्या मशीनवरून हलवा, दुसरं काम द्या. माझे मिस्टर आता त्याच कारखान्यात तयार मालाची मापं तपासतात.

– एक वाचक भगिनी, मंगळवार पेठ, कोल्हापूर