पालथे झोपता येईल का, हे आधी विचारावे

महोदय,

मोठ्या आतड्याच्या तपासणीसाठी दुर्बिणीऐवजी सीटी स्कॅन, म्हणजेच सीटी कोलोनोग्राफी, करण्याची सोय आता मोठ्या शहरांतील काही केंद्रांत आहे. ‘भूल नाही, पंधरा-वीस मिनिटांत मोकळे’ अशी तिची ओळख करून दिली जाते. ती खोटी नाही. मात्र त्या मिनिटांत आपल्याला काय करावे लागणार, हे अनेक रुग्णांना टेबलावर चढल्यावरच समजते. नोंदणीच्या वेळी मधुमेह, ॲलर्जी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्तचाचणी) यांची चौकशी होते. पालथे झोपता येते का, हे क्वचितच विचारले जाते.

आदल्या दिवशीच्या जुलाबाच्या औषधाने थकलेल्या रुग्णाला प्रथम डाव्या कुशीवर घेऊन गुदद्वारातून बारीक, मऊ नळी घालतात आणि तिच्यातून वायू सोडून आतडे फुगवतात, कारण मिटलेल्या आतड्यात पॉलिप, म्हणजे आतल्या भिंतीवर वाढलेला मांसल कोंब, दिसत नाही. मग एक स्कॅन उताणे आणि एक पालथे झोपवून होतो. कूस बदलली की आतड्यात उरलेले पाणी आणि मळ खाली सरकतात, भिंतीला धरलेला पॉलिप बहुधा जागचा हलत नाही, आणि एका स्थितीत मिटलेला भाग दुसऱ्या स्थितीत उघडतो. म्हणून दुसरा स्कॅन टाळून चालत नाही.

परंतु तो पालथाच झाला पाहिजे असे नाही. पाठीला पोक आलेले, दम लागणारे, गुडघ्याची किंवा खांद्याची शस्त्रक्रिया झालेले, पोटावर स्टोमा (मल बाहेर पडण्यासाठी शस्त्रक्रियेने केलेले छिद्र) असलेले रुग्ण उजव्या कुशीवर झोपले तरी काम भागते. स्थूल व्यक्तीच्या बाबतीत तर हेच अनेकदा बरे, कारण पालथे झाल्यावर पोट दबून आडवे आतडे मिटते. पालथे झोपवायचेच असेल, तर छातीखाली आणि कमरेखाली उशी देऊन पोटावरचा दाब कमी करता येतो. त्या उशीला किती खर्च येतो?

वायूचेही तसेच आहे. साधी हवा पोटात बराच वेळ राहून कळा येतात; कार्बन डायऑक्साइड आतड्याच्या भिंतीतून लवकर शोषला जाऊन श्वासावाटे बाहेर पडतो. जेथे नियंत्रित दाबाने तो सोडणारे यंत्र आहे, तेथे रुग्णाला घरी जाताना फारसा त्रास होत नाही. आतडे सैल करणारे इंजेक्शन मात्र काचबिंदू आणि हृदयविकाराची चौकशी करूनच द्यावे.

‘श्वास रोखा’ ही सूचना मराठीत असावी. बहुतेक यंत्रांत ती स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करता येते. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी हाताची खूण आधी ठरवून घ्यावी. नळी घालताना अंगावर चादर, स्त्री-रुग्णाजवळ स्त्री कर्मचारी आणि शेजारीच स्वच्छतागृह या गोष्टी सवलत म्हणून नव्हे, तर तपासणीचा भाग म्हणूनच मिळाल्या पाहिजेत. संकोचाने अंग आखडलेल्या माणसाचे आतडे नीट फुगवता येत नाही, हा तंत्रज्ञांचा नित्याचा अनुभव आहे.

केंद्रांनी नोंदणीच्या अर्जात पालथे झोपणे, श्वास रोखणे आणि आधाराशिवाय कूस बदलणे यांविषयी तीन प्रश्न घालावेत. तोपर्यंत नातेवाइकांनी फोनवर ही माहिती स्वतःहून द्यावी, आणि तेथे कोणता वायू वापरतात तेही विचारून घ्यावे.

एक निवृत्त क्ष-किरण तंत्रज्ञ,
सांगली