सिंगापूरला याल तेव्हा

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

आई, बॅगेत काय काय भरायचं ते तू फोनवर सांगितलंस आणि मी घाबरलेच. ज्वारीचं पीठ, बेसन, सांडगे, कुरड्या आणि वरून ती छोटी गॅसची शेगडी! एक तर शेगडी विमानात चढू देणार नाहीत. आणि पीठ आणलंस तरी भाकरी थापणार कुठे? मी इथे एका फ्लॅटमधली एकच खोली भाड्याने घेऊन राहते. मालकीणबाई भल्या आहेत, पण रात्री पाहुणा ठेवायचा नाही आणि तिखट फोडणी घालायची नाही, या दोन अटींवर खोली मिळाली आहे. फोनवर हे सांगायला गेलं की तू नुसतं ‘हो माय’ म्हणतेस आणि बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात. म्हणून लिहून पाठवते. बाबा, तुम्ही वाचून दाखवा आणि मधलं काही गाळू नका.

राहण्याचं आधी सांगते, कारण तुम्ही अडणार तिथेच. त्यातल्या त्यात बरी वाटावी अशी हॉटेलची खोली रात्रीला 120 डॉलरच्या आसपास पडते. सिंगापूरचा एक डॉलर साधारण 68 रुपये धरा. म्हणजे एका रात्रीचं भाडं आणि लांब धाग्याच्या कापसाचा 2025-26 चा हमीभाव, क्विंटलला 8,110 रुपये, जवळपास सारखेच. काउंटरवर उभं राहून तुम्ही हा हिशेब मांडाल हे मला माहीत आहे, तेव्हा तो घरीच उरकून टाका. भाडं मी भरणार, त्यावर चर्चा नाही. पाटलांच्या मुलाने सांगितलं ना, की मोबाईलवरून कुणाचा तरी फ्लॅट चार दिवसांसाठी घ्या, स्वस्तात पडतं? ते इथे बेकायदेशीर आहे. सरकारी फ्लॅट सहा महिन्यांपेक्षा कमी आणि खासगी घर तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीसाठी भाड्याने देता येत नाही. आणि बाबा, तुम्ही जे ‘धर्मशाळेसारखं काही नाही का’ विचारलंत, तसं आहे. एका खोलीत फळ्यांसारखे एकावर एक पलंग असतात, पडदा ओढला की झोप. पोरासोरांना ठीक आहे. तुमचा गुडघा वरच्या पलंगावर चढणार नाही आणि आई परक्या माणसांत रात्रभर जागी राहील.

मी लिटल इंडियात, म्हणजे इथल्या भारतीय वस्तीत, सेरांगून रोडजवळ खोली बघते आहे. तिथली बरीच हॉटेलं जुन्या दुकानघरांत आहेत. खाली दुकान, वर घर, जिना अरुंद आणि उभा. त्यामुळे लिफ्ट आहे का, हे मी आधी विचारते. दुसरा प्रश्न खिडकीचा. स्वस्त खोल्यांना इथे पुष्कळदा खिडकीच नसते, आणि फोटोत ते कळत नाही. चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण आईला उजाडलेलं दिसलं पाहिजे. मुंबईहून रात्रीचं विमान घेतलंत तर साडेपाच तासांत, सकाळी पोचाल. खोली मात्र दुपारी दोन-तीनच्या आत हातात देत नाहीत. सामान तिथे ठेवून आपण थेट जेवायला जाऊ. घड्याळ अडीच तास पुढे करा. गावात सहा वाजतील तेव्हा इथे साडेआठ.

आता खाणं. ‘तिथं आपल्याले खाले काय भेटन’ असं तू विचारलंस, तर ऐक. कामावर जाणारे नवरा-बायको, कॉलेजची पोरं, म्हातारे, कितीतरी लोक इथे दिवसातून एकदा तरी ‘हॉकर सेंटर’मध्येच जेवतात. आपल्या आठवडी बाजारातल्या भजी-जिलेबीच्या पालांना पक्कं छप्पर, नळ, पंखे आणि गटार दिलं तर जे होईल, ते हे. कडेने लहान लहान गाळे, मध्ये टेबलं. एका गाळ्यावर डोसे, शेजारी चिनी नूडल्स, त्याच्या बाजूला मलय भात. आधी टेबल धरायचं, मग रांगेत लागायचं. टेबलावर कागदी रुमालांचं पाकीट नुसतं पडलेलं दिसलं तर ती जागा कुणीतरी धरली आहे असं समजायचं. कुणी पाकीट उचलत नाही आणि कुणी भांडतही नाही. जेवण झालं की ताट आपलं आपण उचलून ठेवायचं. 2021 पासून तसा नियमच आहे, न उचलल्यास दंड होऊ शकतो. बाबा, हे वाक्य पुन्हा वाचा.

एका माणसाचं साधं जेवण पाच-सहा डॉलरमध्ये होतं. इथल्या पगाराच्या मानाने ते काहीच नाही. मोठ्या हॉटेलात 10 टक्के सेवाशुल्क आणि त्यावर 9 टक्के कर लागतो, म्हणून फलकावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. हॉकर सेंटरमध्ये फलकावर असेल तेवढेच द्यायचे.

बाबा, याच्या मागची गोष्ट तुम्हाला आवडेल. हे लोकही आधी रस्त्यावर गाड्या लावूनच विकायचे. 1968-69 मध्ये सरकारने त्यांची नोंद केली, सुमारे 18,000 निघाले. मग 1971 ते 1986 या काळात नळ, वीज, गटार असलेली सेंटरं बांधत बांधत त्यांना आत नेलं. आधी गाळा, मग गाडी उचलायची. आपल्याकडे अतिक्रमण हटवतात तेव्हा क्रम उलटा असतो, हे तुम्हीच पारावर तावातावाने सांगता. 2020 मध्ये युनेस्कोने इथली हॉकर संस्कृती वारसा म्हणून यादीत घेतली, तेव्हा सगळ्या शहराची मान ताठ झाली. पण गाळ्यांवर नीट बघितलं तर साठीच्या आसपासची माणसंच जास्त दिसतात. अंधारात उठून रस्सा चढवायचा, दिवसभर जाळापुढे उभं राहायचं, आणि पोरं म्हणतात आम्हाला ऑफिस बरं. मी ज्यांच्याकडे चहा घेते त्या काकांचा मुलगा बँकेत आहे. त्यांनी एकदा मला विचारलं, तुझे वडील काय करतात? मी म्हटलं, शेती. मग पुढे शेत कोण बघणार? मी म्हटलं, सध्या तरी तेच बघतात. त्यांनी एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून चहा ओतला, फेस आणला आणि पैसे घेतले नाहीत. तुम्हाला त्यांच्याकडे नेणार आहे.

चहा मागताना मात्र सांभाळा. नुसतं ‘तेह’ म्हटलं की आटवलेल्या गोड दुधाचा चहा येतो, तो बाबांच्या साखरेला चालणार नाही. ‘तेह-ओ कोसोंग’ म्हणजे दूध नाही, साखर नाही. ‘सिउ दाई’ म्हटलं की साखर कमी. आई, तुझ्यासाठी ‘तेह हालिया’, आल्याचा चहा. बर्फ घातलेला उसाचा रसही मिळतो, लिंबू पिळून.

जेवायला पहिल्या दिवशी कोमला विलासमध्ये जाऊ. सेरांगून रोडवरच आहे, 1947 पासूनचं, पूर्ण शाकाहारी. केळीच्या पानावर भात, सांबार, रसम, भाज्या, आणि हाताने जेवताना कुणी वळून बघत नाही. त्याहून जुनं आनंद भवन, 1924 चं, तेही शाकाहारीच. तिखटाच्या बाबतीत तुमची दोघांची निराशा होईल, ते मान्य करून टाकते. जवळच टेक्का सेंटर नावाचं हॉकर सेंटर आहे. तिथे अप्पम खा. आणि ‘पुतू मायम’ बाबांना नक्की आवडेल. तांदळाच्या वाफवलेल्या शेवया, वर ओलं खोबरं आणि गूळ, दात लावायची गरज नाही. मात्र टेक्काच्याच इमारतीत मासळी आणि मटणाचा बाजारही आहे, वास येतो. बाबा, तुमच्या गळ्यात माळ आहे, म्हणून आधीच सांगते. आपण भाजीच्या बाजूला राहू. शेवग्याच्या शेंगा, कढीपत्ता, कारली, सगळं तिथे आहे आणि आई भाव विचारून हसेल. बाजूच्या रस्त्याचं नाव बफेलो रोड. एके काळी या भागात गुराढोरांचा व्यापार चालायचा, त्यावरून पडलेलं.

शाकाहारी म्हणून कुठेही बसू नका. भाजीच्या डिशमध्ये सुकी कोळंबी वाटून घातलेली असते आणि ते घालणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. काया टोस्ट म्हणून खोबऱ्याच्या जॅमचा पाव मिळतो, त्या जॅममध्ये अंडं असतं. चिनी बौद्ध शाकाहारी गाळे मात्र खात्रीचे. कितीतरी ठिकाणी कांदा-लसूणसुद्धा नसतो. तिथे मटणासारखे दिसणारे तुकडे ताटात आले तर दचकू नका, ते सोयाबीनचे किंवा गव्हाच्या सत्त्वाचे असतात. चिनी महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला बरेच लोक मांसाहार टाळतात, त्या दिवशी या गाळ्यांवर रांग लागते.

एक सकाळ वॉटरलू स्ट्रीटसाठी ठेवली आहे. तिथे श्रीकृष्णाचं मंदिर आहे, 1870 पासूनचं, आणि त्याच्या लगत चिनी लोकांचं क्वान यिन देवीचं देऊळ. देवीला जाऊन आलेले चिनी लोक आपल्या कृष्णापुढेही उदबत्ती लावतात, हात जोडतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बाबांची आठवण झाली, तुम्ही तिथे तासभर उभे राहाल. जवळच फॉर्च्यून सेंटर नावाच्या इमारतीत शाकाहारी खानावळी आहेत, जेवण तिथेच.

पाण्याची बाटली विकत घेऊ नका, नळाचं थेट पिता येतं. बाबा, या शहराला पाण्याची ददात फार. काही पाणी मलेशियातल्या जोहोरहून नळाने येतं, तो 1962 चा करार 2061 पर्यंत आहे. उरलेल्यासाठी पडणारा पाऊस धरून ठेवतात. 2008 मध्ये समुद्राच्या तोंडाशी बांध घालून शहराच्या मध्यावर गोड्या पाण्याचं तळं केलं. समुद्राचं पाणी गोडं करतात. आणि 2003 पासून सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरतात. ते बहुतेक कारखान्यांना जातं, कोरड्या दिवसांत थोडं धरणात सोडतात. आईला हे वाचून दाखवायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण बांध बघायला नेईन. विहिरीला पाणी नसताना उन्हाळे काढलेल्या माणसाने तो बघितला पाहिजे.

मोठे काका बरोबर येणार असतील तर त्यांना सांगा की आपला दारूबंदीचा जिल्हा बरा. इथे मिळते, पण महाग, आणि रात्री साडेदहानंतर दुकानात विकत नाहीत की रस्त्यावर पिऊ देत नाहीत. लिटल इंडियात शनिवार-रविवारी नियम आणखी कडक.

आणि बाबा, खर्रा. चघळायच्या तंबाखूवर इथे बंदी आहे. खिशात, पिशवीत, चपलेत, कुठेही पुडी ठेवू नका. जप्त होईल आणि वर दंड होऊ शकेल. आई, त्यांच्या कोटाचे खिसे तू तपास. तुलाही एक सांगणं आहे. खसखस आणायची नाही, इथे ती अमली पदार्थांच्या नियमात येते. म्हणजे अनारसे नको, सावजी मसाला नको, घरच्या काळ्या मसाल्यात खसखस भाजून घातली असेल तर तोही नको. जवसाची चटणी आण, थोडे सांडगे आण. दुपारी डोशाबरोबर खाऊ.

मेट्रोत काही खायचं-प्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. दंड 500 डॉलरपर्यंत जातो. तुझा शेंगदाण्याचा डबा तेवढा वेळ बंद.

जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत चिनी नववर्ष असतं, तेव्हा बरेच गाळे मिटलेले असतात, म्हणून त्यानंतरच या. व्हिसाचं मी इथून बघते. दोघांच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाचा स्वच्छ फोटो पाठवा, बोट मध्ये येऊ देऊ नका. तूर काढून झाली की तारीख कळवा. ‘भाव चढला की मग पाहू’ हे बाबांचं उत्तर मी धरणार नाही. नागपूरहून मुंबईचं तिकीट धाकट्याला काढायला सांगितलं आहे, त्याने टाळाटाळ केली तर मला फोन करा.

तुमची,
गुड्डी