गावाबाहेरचे गावकरी आणि ग्रुपवरची भाषा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

येळवस, म्हणजे शेतात पूजा करून तिथेच जेवायचा आमच्याकडचा वेळ अमावस्येचा सण, जवळ आली की आमच्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कडब्याच्या कोपीचे, भज्जीच्या पातेल्याचे आणि आंबिलाच्या बिंदगीचे फोटो येऊ लागतात आणि पुणे, दुबई, न्यू जर्सी, मेलबर्न अशा ठिकाणी असलेले आमचे गावकरी त्यांखाली हळहळून दोन-दोन ओळी लिहितात. २०२० च्या टाळेबंदीत बाहेरगावी अडकलेल्या पोरांची चौकशी करता यावी म्हणून हा ग्रुप निघाला आणि शाळामास्तर म्हणून त्याचे ॲडमिनपद माझ्याकडे आले, ते निवृत्तीनंतरही सुटलेले नाही. गेल्या येळवशीला या ग्रुपवर जे झाले ते थोड्याफार फरकाने अनेक गावांच्या ग्रुपवर होत असावे, म्हणून हे पत्र.

त्या दिवशी सकाळी साडेसातला न्यू जर्सीतल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा संदेश आला. आदल्या दिवशी कुणीतरी टाकलेल्या फोटोत शाळेचे गंजलेले पत्रे दिसत होते, आणि परगावच्या मंडळींनी त्या पत्र्यांसाठी वर्गणी दिलेली होती. ‘आमचे पैसे नेमके कुणाच्या बोअरमध्ये गेले?’ एवढे एकच वाक्य त्याने लिहिले. तेथे तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. हे काम ज्यांनी पाहिले ते माजी सरपंच सहकुटुंब शेतात पूजेची मांडणी करत होते. त्यांनी दहाच्या सुमारास कोपीसमोर बसूनच उत्तर दिले की, परदेशात लोकांची भांडी घासणाऱ्याने आम्हाला हिशेब विचारू नये. हे उत्तर गेले तेव्हा तो मुलगा झोपलेला होता. पुढचे सात तास त्याच्या वतीने पुण्यातले चौघे भांडले आणि सरपंचांच्या वतीने गावातले सहा जण. संध्याकाळी तो उठून पाहतो तो त्याच्या बापाचे नाव, त्याची जात, आरक्षण, सगळे निघून झालेले होते. वर्गणीचा प्रश्न तोवर कुणाच्या लक्षातही राहिला नव्हता.

पारावर असे होत नाही, असे मी म्हणणार नाही, कारण पारावर मी डोकी फुटलेली पाहिली आहेत. परंतु पारावर बोलणाऱ्याला समोरच्याचा चेहरा दिसतो, कुणी वडीलधारा ‘बस आता’ म्हणतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाकडे बैल किंवा ट्रॅक्टर मागायला जायचे असते. परगावी असलेल्याला उद्या कुणाकडे काही मागायचे नसते आणि गावातल्यालाही त्याच्या दारी जायचे नसते. शिवाय आमच्या बोलीचे एक वेगळेच आहे. ‘गप की लेका’ हे आमच्याकडे खांद्यावर हात ठेवून म्हणायचे वाक्य आहे, पण तेच पडद्यावर नुसते उमटले की थप्पड मारल्यासारखे वाटते. आणि ‘काय करूलालास’ ही साधी चौकशी वीस वर्षे शहरात राहिलेल्या माणसाला जाब विचारल्यासारखी वाटू लागते.

या सगळ्याच्या मुळाशी मला एक जुने दुखणे दिसते. जो गेला त्याला आपण पळून गेलो असे कुणी म्हणेल याची धास्ती असते, आणि जो राहिला त्याला आपल्याला जमले नाही म्हणून राहिलो असे कुणी म्हणेल याची. वर्गणीचा विषय निघाला की दोघांचीही ही दुखरी जागा एकदम दाबली जाते. पैसे देणाऱ्याने हिशेब मागणे रास्तच आहे, पण ‘हिशेब टाका’ असे लिहिणे वेगळे आणि ‘कुणाच्या बोअरमध्ये गेले’ असे लिहिणे वेगळे.

ग्रुप बंदच करून टाका, असा सल्ला मला अनेकांनी दिला. तो मी मानला नाही, कारण आमचा तालुका किल्लारीचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा पुण्यात शिकणाऱ्या आमच्या मुलांना घरचे कोण वाचले हे कळायला दोन-दोन दिवस लागले होते. आज रात्री-अपरात्री कुणाला रक्त लागले तर याच ग्रुपवरून दहा मिनिटांत माणूस मिळतो.

काही जण कायद्याचा धाक दाखवतात, तेही अर्धवट माहितीवर. माहिती तंत्रज्ञान कायद्यातले ६६अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच रद्द केले आहे, तरी आमच्या ग्रुपवर अजून त्याच्या धमक्या दिल्या जातात. सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू असल्याखेरीज, ॲडमिनला गुन्ह्यात जबाबदार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे. त्यामुळे मला स्वतःपुरती झोप लागते एवढेच. मात्र आखाती देशांतल्या आपल्या पोरांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या सायबर गुन्हेविषयक कायद्यात ऑनलाइन अपमानासाठी तुरुंगवास आणि अडीच ते पाच लाख दिरहम दंड, किंवा यांपैकी एक, अशी शिक्षा आहे. गावाकडच्या भांडणात तिथून एक शिवी हाणणे किती महागात पडू शकते, हे ज्याचे त्याने मोजावे.

त्या संध्याकाळी माझ्याकडूनही चूक झाली. मी घाबरून फक्त ॲडमिनच लिहू शकतील अशी सोय चालू केली आणि आठ दिवस तशीच ठेवली. भांडण थांबले नाही. गावातल्यांचा एक आणि बाहेरच्यांचा एक असे दोन नवे ग्रुप निघाले आणि प्रत्येकात दुसऱ्याची निंदा निवांतपणे सुरू झाली. नवव्या दिवशी मी मुख्याध्यापकांकडून पत्र्यांचे बिल मागवून घेतले, शाळेच्या मागे जाऊन फोटो काढले आणि न्यू जर्सीला फोन लावला. नवे पत्रे मागच्या दोन खोल्यांवर पडले होते. ग्रुपवर आलेला फोटो पुढच्या बाजूचा होता. पोरगा बराच वेळ काही बोलला नाही. नंतर म्हणाला, ‘सर, मी आधी तुम्हालाच फोन करायला पाहिजे होता.’ त्याने ग्रुपवर माफी मागितली. सरपंचांनी मात्र भांडी घासण्याचे वाक्य अजून मागे घेतलेले नाही. ते ग्रुप सोडून गेले आहेत आणि ग्रुपवर काय चालले आहे ते रोज पारावर मलाच विचारतात.

तेव्हापासून आम्ही दुसरा ॲडमिन परगावचा नेमला आहे, म्हणजे इथे रात्र असताना तिकडे कुणीतरी जागे असते. कुणावर आरोप करायचा असेल तर आधी त्याला फोन करायचा आणि मगच लिहायचे, असे ठरले आहे. तसे न करता लिहिलेला मजकूर आम्ही दोघांपैकी कुणीही काढून टाकतो, मग लिहिणारा आमचा सख्खा भाऊ का असेना. यंदाच्या वर्गणीचा हिशेब येळवशीच्या आठ दिवस आधीच बिलांसह टाकला आहे. सोबत शाळेचे चारी बाजूंनी काढलेले फोटो आहेत.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. औसा, जि. लातूर