आक्का, तुम्ही कटिंगही शिकवलंत

आक्कांस नमस्कार,

ब्लाउज, फॉल-पिको आणि जूनच्या तोंडावर शाळेचे गणवेश, एवढ्यावर घर ओढणाऱ्या बाईनं आपलं कटिंग शेजारच्या माणसाला फुकट शिकवावं, याचं मला अजून नवल वाटतं. टीप मारायला कुणीही शिकवतं. कापड मात्र मास्तर लोक पाठ फिरवून कापतात, कारण धंदा तिथंच असतो. घरात घालायची ढगळ सुती पँट शिवायला तुम्ही खडू आणि टेप सरळ माझ्या हातात दिलात. मजुरीचं पाकीट पुढं केलं तर 'ठेव तिकडं' म्हणालात. म्हणून हे आभार चारचौघांत मानतोय.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात पत्र्याखाली लेथवर उभं राहताना ढगळ कपडा चालत नाही, तिथं अंगासरशी जाड पँटच हवी. ते ठीक आहे. पण संध्याकाळी मंगळवार पेठेत घरी आल्यावर पुन्हा पॉलिएस्टरच्या ट्रॅकपँटमध्ये पाय घालायचे, मार्चपासून वळीव पडेपर्यंत? सुती कापड नुसत्या हवेतून आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओल धरतं, पॉलिएस्टरला अर्धा टक्काही जमत नाही. मग घाम जायचा कुठं? आणि हे सगळं इचलकरंजीच्या शेजारी राहून. तिथं 1904 साली पहिला यंत्रमाग सुरू झाला, पॉपलिन-केंब्रिकचे तागे तिथून देशभर जातात आणि आपण मात्र चिकटणारी पँट घालून पंख्याखाली बसतो.

गांधीनगरातनं कापड आणतो म्हटल्यावर तुम्ही चारच गोष्टी सांगितल्या होत्या: पन्हा 44 इंच, कापड अडीच मीटर, मलमल नको कारण ती बसताना फाटते, आणि आणल्या आणल्या रात्रभर पाण्यात. सुती कापड आटतं, ते शिवायच्या आधीच आटू दे, नंतर नको. वाळवून इस्त्री केल्यावरच तुम्ही कात्रीला हात लावू दिलात, तोही आधी सरावाला जाड्याभरड्या मांजरपाटावर.

आसनाचं, म्हणजे कमरेपासून बैठकीपर्यंतचं, माप मात्र मी विसरणार नाही. मी ताठ उभा राहिलो होतो, तर तुम्ही म्हणालात, 'बस स्टुलावर.' कमरेला दोरी बांधलीत आणि टेप बाजूनं दोरीपासून स्टुलाच्या फळीपर्यंत सोडलात. साडेदहा इंच. त्यात दीड इंच मिळवून खडूनं बारा लिहिलंत. 'जेवायला मांडी घालूनच बसतोस न्हवं?' मग मागचं आसन पुढच्यापेक्षा दीड इंच वर चढवलंत आणि मागची गोलाई जास्त खोल घेतलीत, म्हणजे खाली वाकलं तरी कंबर उघडी पडत नाही. बाजारातली पँट उभ्या माणसासाठी कापलेली असते, असं माझं तेव्हापासून ठाम मत झालंय. दुकानात कुणी खाली बसून बघत नाही, आणि घरी आल्यावर उभं कुणी राहत नाही.

आम्ही मशीनवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी भांडणारी माणसं. तुम्ही शिलाईच्या कडेला पाऊण इंच माया, म्हणजे जादा कापड, सोडायला लावलीत तेव्हा कापड वाया जातंय म्हणून माझा जीव खालीवर झाला. ती माया आत दुमडून दुसरी टीप बसली तेव्हा कळलं की मांडीला धागे का टोचत नाहीत. कडेचे धागे बांधणाऱ्या ओव्हरलॉकची गरजच पडली नाही. दोन्ही पाय वेगवेगळे शिवायचे, एक सुलटा करून दुसऱ्या उलट्या पायात घालायचा आणि आसन पुढून मागंपर्यंत एका दमात शिवायचं, ही युक्ती तर फिटरलाही सुचली नसती. तिथं दोनदा टीप. सुई 14 नंबरची.

कमरेच्या नेफ्याबद्दल आपलं जमलं नाही, ते राहू द्या. तुमचं म्हणणं नुसती नाडी, माझं म्हणणं इलॅस्टिक. शेवटी कमरेपेक्षा दोन इंच कमी इलॅस्टिक सेफ्टी पिननं ओवलं आणि तुमचा मान राखायला नाडीही घातली. खरं सांगतो, भरपेट जेवण झाल्यावर नाडीच कामाला येते. खिसा शिलाईतच, मोबाईल मावेल एवढा खोल. पायाच्या खालच्या तोंडाची मोहरी नऊ इंच पुरे म्हणालात, मी दहा ठेवली. वारा लागतो.

बायकोनं पहिल्यांदा बघून 'लेंगा का पँट?' असं विचारलं. आता तिलाही तसलीच हवीय, फिकट निळ्या रंगात. वडलांना गुडघ्यामुळं पाय वर उचलून घालायला जड जातं, त्यांच्यासाठी मांडीला दोन इंच जास्त घेर धरून बेतलीय. आसन तुमच्यासमोर आखावं म्हणतो, म्हणून अजून कापली नाही.

तुमची मोठी कात्री वर्कशॉपमधून धार लावून आणलीय, पायमशीनचा पट्टाही नवा घेतलाय. सोमवारी सुट्टी आहे, दुपारी येतो. पैशाचं नाव काढणार नाही, पण पट्टा मीच बसवणार, तेवढं चालवून घ्या.

तुमचा,
समोरच्या घरातला लेथवाला