कुठलं संशोधन, ते पण छापा

संपादक साहेब, नमस्कार.

मी मुंबईतल्या एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे, 21 वर्षं झाली. तुमचा पेपर रोज लोकलमध्ये वाचते, म्हणजे बसायला मिळालं तर. आरोग्याच्या पानावर, तुमच्याच नाही सगळ्याच पेपरात, 'संशोधनातून सिद्ध झालंय' असं असतं ना त्याबद्दल लिहितेय.

मागे वॉर्डात एक आजी होत्या, पॅरालिसिसच्या, कमरेला बेडसोर झालेला, म्हणजे एकाच बाजूवर पडून पडून होते ती जखम. त्यांचा मुलगा मधाची बाटली आणि पेपरचं कात्रण घेऊन आला, सिस्टर यात लिहिलंय मधाने जखम भरते मग तुम्ही लावत का नाही. आता तो काही अगदीच चुकीचं बोलत नव्हता. मधावर कोक्रेनचा, म्हणजे जगभरातल्या ट्रायल्स गोळा करून तपासणाऱ्या संस्थेचा, 2015 चा रिव्ह्यू आहे, 26 ट्रायल्स, 3,011 माणसं. वरवरचं भाजलेलं मधाने नेहमीच्या ड्रेसिंगपेक्षा लवकर भरतं असं त्यात निघालं, ऑपरेशननंतर पू झालेल्या जखमेतही बरा निकाल आला. पण बेडसोरचं काय, तर नक्की काही सांगता येत नाही. कात्रणात नुसतं 'जखम' होतं, आणि किराणा दुकानातला मध निर्जंतुक नसतो हे तर नव्हतंच.

नर्सिंगला आम्हाला पुराव्याच्या पायऱ्या शिकवतात. सगळ्यात खाली मोठ्या डॉक्टरांचं किंवा सीनियर सिस्टरचं मत, त्यावर दोनचार पेशंटच्या केसेस, मग पेशंटचे गट नुसते बघत राहून केलेला अभ्यास, मग चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडून केलेली ट्रायल, आणि अशा सगळ्या ट्रायल्स गोळा करून तपासल्या की सगळ्यात वरची पायरी. चिठ्ठ्या कशाला म्हणाल, तर ज्या आजीचा मुलगा बाटली घेऊन धावत येतो तिला दर दोन तासांनी कुशीवर वळवणारं पण कोणीतरी असतं, मग जखम मधाने भरली का वळवल्याने हे कसं कळणार?

आम्ही सिस्टर्स पण काही धुतल्या तांदळासारख्या नाही हां. बेडसोर होऊ नये म्हणून स्पिरिट पावडर लावून पाठ चोळायला मला शिकवलं तेव्हा पुरावा कोणी विचारला नाही, मी पण नाही. इंग्लंडच्या नाइसने, म्हणजे उपचार कसे करावेत ते सांगणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, 2014 ला चोळू नका म्हणून लिहून टाकलं, पण हाताची सवय लवकर जात नाही.

आणि वरची पायरी दिसली की डोळे मिटायचे असंही नाही. सलाईनची सुई ठरलेल्या दिवशी बदलायची का त्रास दिसला तरच, यावर ऑस्ट्रेलियात 3,283 पेशंटवर ट्रायल झाली, 2012 ला लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात आली, शीर सुजण्याचं प्रमाण दोन्ही गटात 7 टक्के. म्हणजे उगाच टोचू नका. पुढे जिनिव्हाच्या हॉस्पिटलात त्रास दिसला तरच बदलायची असं ठरवलं तर रक्तातलं इन्फेक्शन वाढलेलं दिसलं, ते 2021 ला छापून आलं. हा अभ्यास नुसतं बघून केलेला, म्हणजे खालच्या पायरीवरचा, पण सुया मोजल्या चार लाखांच्या वर, आणि इतकं क्वचित होणारं इन्फेक्शन तीन हजारात सापडणं कठीणच. तेव्हा पायरी बघायची आणि आकडा पण बघायचा.

मुलाला म्हटलं, दादा बाटली घरी न्या आणि आईला वळवायला जरा हात द्या, रात्री आम्ही दोघीच असतो. बिचारा रात्रभर थांबला. पण मी सांगेपर्यंत त्याचा भरवसा माझ्यापेक्षा कात्रणावर जास्त होता, आणि त्याला तरी दोष कसा द्यायचा, छापलेलं होतं ना.

म्हणून विनंती एवढीच, अशा बातमीखाली एक ओळ टाका. अभ्यास उंदरांवर का माणसांवर, किती जणांवर, गट चिठ्ठीने पाडले का नुसतं बघितलं, आणि कसली जखम कसला आजार. जागा नाही म्हणू नका, राशीभविष्याला रोज मिळतेच की.

एक स्टाफ नर्स, परळ